अर्धाच दाखवायचा

...नाही नाही, हा तोंडावरचा टॉवेल राहू द्या, दात दुखत नाहीयेत माझे, सर्दीही नाही, कारण वेगळंच आहे, आणि ते सांगायचं तर आधी आमच्या व्याह्यांचं सांगायला हवं. तुम्हाला सांगतो, माणसानं व्याही करावा, पण खवय्या करू नये.

त्सुरुमाकीसान त्यांचं नाव. ओसाकात भांड्यांचा कारखाना आहे म्हणतात, पण खरा धंदा खाण्याचा. माझ्या मिनाएच्या लग्नात, भर पंगतीत, साकेचा पेला हातात धरून मला विचारतात, "इवाओसान, तुमच्या त्या डोंगरात खायला मिळतं तरी काय हो?" म्हटलं, रानडुक्कर. "खाल्लंय." हरीण? "खाल्लंय, घशात अडकतं." अस्वल? "दोन-तीनदा." रानबदक? "ते काय, डॉक्टर नको म्हणाले म्हणून सोडलं." आणि पोरगी माझी नवरीच्या पोशाखात मान खाली घालून बसलेली, तिचे कान लाल झालेले मला इथून दिसतायत... मग काय, गेलो बोलून. "अनागुमा खाल्लाय?"

पंगतीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

तुम्हालाही ठाऊक नसेल, त्यात तुमचा दोष नाही, अर्ध्या शिकाऱ्यांनाच ठाऊक नसतो. शिकारी म्हटला की तो डुकरामागे धावणार, हरणाच्या शिंगांना धरून फोटो काढणार, हे बिळात राहणारं, मातीत नाक खुपसून चालणारं ठेंगणं जनावर कोण बघतो? पण काकी म्हणून आमच्याकडे झाड असतं, त्याची गोड नारिंगी फळं पिकून पडायला लागली ना, की हा गडी ती खात सुटतो, आणि थंडीच्या तोंडाला त्याच्या अंगावर अशी चरबी चढते, अशी चरबी, की जिभेवर ठेवली की तुम्ही बोलायचं थांबता. मी थांबतो, म्हणजे बघा.

"थंडीत या, खाऊ घालतो," मी म्हटलं. व्याही हसले. "आणि नाही मिळाला तर?" आता नाही मिळाला तर माझं काय जातंय हो, ओसाकाहून टोमणा आमच्या डोंगरात पोचेपर्यंत शिळा होतो. पण पोरीचं काय? रोज ताटावर, "मिनाए, तुझ्या बाबांचा अनागुमा निघाला का गं घरून?" जन्मभर! हे माझ्यानं बघवलं नसतं.

तर काकीच्या झाडाखाली पिंजरा लावला. अडकला कोण? तानुकी, कोल्ह्याच्या जातीतला. लांबून अनागुमासारखाच दिसतो, पण शिजवलात तर पातेलंसुद्धा फेकून द्यावं लागतं, असला वास. आणि सोंगाड्या! मेल्यासारखा पडलेला. दार उघडलं तर एक डोळा किलकिला करून बघतो, आणि हा पळाला. पुन्हा लावला, पुन्हा तोच. तिसऱ्यांदा शेजाऱ्यांचं मांजर, आमिष खाऊन आत झोपलेलं, माझ्याकडे असं बघतंय, की दार लावून घ्या, वारा येतोय.

व्याह्यांचा यायचा दिवस जवळ आला. शेवटी गेलो नासू आजोबांकडे. आमच्या शिकारी मंडळींचे म्होरके ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, आणि देवघरामागून ओकोझे काढला.

आता हळू बोलतो, कारण डोंगर समोरच आहे... आमची डोंगराची देवी, कसं सांगू, रूपानं जरा बेताची. तिलाही ते ठाऊक आहे, म्हणून देखणं काही दिसलं की तिचं टाळकं फिरतं. बाईमाणसाला आम्ही शिकारीला नेत नाही ते म्हणूनच. आणि ओकोझे म्हणजे समुद्रातला सगळ्यात कुरूप मासा. तोंड वाकडं, डोळे बटबटीत, अंगभर गाठी. तो वाळवून कागदात गुंडाळून डोंगरावर न्यायचा. देवीला वाटतं, चला, आपल्याहून वाईट कुणीतरी आहे, ती खूश होते आणि जनावर सोडते. पण सगळा मासा दाखवायचा नाही हं. डोकं दाखवायचं, आणि म्हणायचं, आई, जनावर दे, मग शेपूट दाखवतो. जनावर मिळालं, की मासा गुंडाळून घरी. आजोबांच्या आजोबांपासून ती बिचारी शेपटाची वाट बघतेय. निवडणुकीला उभे राहणारे तरी दुसरं काय करतात?

"अर्धाच दाखवायचा," नासू आजोबांनी बजावलं. "आणि बायकांच्या नजरेला पडू द्यायचा नाही. हा गेला, तर सगळ्यांची शिकार गेली."

गेलो. डोंगरावरच्या तिच्या देवळापुढे बसलो. अर्धाच दाखवला. आणि तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात अनागुमा! असा गुबगुबीत, की पिंजऱ्यात वळता येत नव्हतं त्याला. मी आनंदानं इतका वेडा झालो, की मासा स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला आणि मागच्या अंगणात जनावर साफ करायला बसलो.

त्सुरुमाकीसान आले. मिनाए आली. जावई आला. सोया, साखर, कांद्याची पात, आणि त्यात अनागुमाचे पातळ काप. व्याह्यांनी एक काप तोंडात टाकला. मी बघतोय. पोरगी बघतेय. चावला. गिळला.

"हं," म्हणाले. "चांगलंय. रानडुकरासारखं."

रानडुकरासारखं! मिनाएनं डोळे मिटून घेतले. आणि व्याह्यांनी शेजारची सूपची वाटी तोंडाला लावली... आणि थांबले. पुन्हा एक घोट. "हे काय आहे?" पुन्हा घोट. "इवाओसान, हे मी आजवर कुठेच चाखलेलं नाही. कसलं आहे हे?"

मी चिझुरुकडे बघितलं. बायको माझी, साधी, सरळ. "काही नाही हो, सूपात घालायचे नेहमीचे सुके मासे संपले होते. फळीवर कागदात एक सापडला. काय दळभद्री मासा आणलात हो, बाजारात नीट बघून घेत नाही का? उकळून उकळून गॅस संपायला आला."

आता तिला काय बोलणार? तीस वर्षांच्या संसारात तिनं तो मासा कधी बघितलाच नव्हता. बायकांना दाखवायचा नाही, हा आमचाच नियम, आणि आम्ही तो इतका चोख पाळला, की शंभर वर्षांचा देव पातेल्यात गेला. अर्धा नाही, अख्खा! देवीला शेपूट दिसलं नाही ते नाहीच, ते व्याह्यांच्या वाटीत निघालं. त्यांनी चोखून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी नासू आजोबांकडे जाऊन पाय धरले. ते म्हणाले, "मला नको, तिला सांग." सगळी मंडळी मला घेऊन देवळात. मी टोपी काढली, तोंड वर केलं आणि म्हटलं, "आई, मासा गेला. आता माझ्याच तोंडाकडे बघ आणि माफ कर."

उतरताना वाटेतच रानडुक्कर उभं. हलेना.

योगायोग, मी म्हटलं. पुढच्या खेपेला मी घरी राहिलो, मंडळींना ससाही दिसला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला मला नेलं, तर हरणंच हरणं. नासू आजोबांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं, आणि मंडळींना म्हणाले, "नवा मासा शोधू नका रे." माणसं सभ्य हो आमच्याकडची, पाठ करून हसली.

तेव्हापासून मी सगळ्यांत पुढे. आणि हा टॉवेल आजोबांनी स्वतःच्या हातानं नाकापर्यंत बांधला. कशाला, म्हटलं, तर म्हणे, "विसरलास? अर्धाच दाखवायचा." शिकारीचे दिवस संपेपर्यंत गावातही काढायचा नाही, कारण आपल्याला डोंगर दिसतो तसं डोंगरालाही गाव दिसतं.

आणि ज्या पोरीसाठी हे सगळं केलं, तिचा परवा फोन. सासरे रोज ताटावर विचारतात, "मिनाए, तुझ्या माहेरच्यासारखं सूप का जमत नाही गं तुला?"

चिझुरुला सांगितलं. म्हटलं, बघ, माझ्या तोंडावर गाव जेवतंय आणि घरात कुणाला किंमत नाही. तिनं हातातली पात चिरत चिरत म्हटलं, "ती देवी अर्धं बघून एवढं देते. मी तीस वर्षं अख्खं बघतेय, माझं अजून काय द्यायचं राहिलंय?"

मी टॉवेल जरा वर ओढून घेतला.