गिरणीतल्या बाईची पत्रं

—थोर म्हणा की, कोण नको म्हणतंय? मेलेल्या माणसाचं प्रदर्शन मांडताय, तर थोरच म्हणायला हवं. बसा. टोमॅटोच्या वाफ्यात पाय नका देऊ. होताच एगिनहार्ट ट्रोबिट्स थोर — बेकरीवाल्याचा पोरगा, आधी स्वतः रंगमंचावर ट्रामचा कंडक्टर व्हायचा, सगळं लाइपझिग पोट धरून हसायचं — मग त्यानं 'गंजका खिळा' नावाचं विनोदी नाट्यगृह काढलं, तळघरात, ऐंशी खुर्च्या, तो दिग्दर्शक नि मी नटी. डोळे मिटून तालीम घ्यायचा. "रोझविठा, तीन मोज, मग वाक्य टाक." अजून मोजते मी, पाववाल्याशी बोलतानासुद्धा.

ते वाक्य ना? सांगते. बर्लिनची भिंत बांधली त्याच्या पुढल्या वर्षी. मी झाले होते दुकानापुढच्या रांगेतली बाई — 'रांगेत उभं राहायला माझी ना नाही, पण पुढच्या टोकाला काय मिळतं तेवढं कुणी सांगेल का?' लोक आधी चिडीचूप, आणि मग जे हसले! तिसऱ्या दिवशी पक्षाची चौकशी समिती. वाक्य कुणाचं? अहो, त्याचंच — त्यानं पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. आणि तो उभा राहिला, चष्मा पुसत म्हणाला, "संहितेत नव्हतं. रोझविठानं पदरचं घातलं." मी? मी म्हटलं, हो, माझंच. का म्हणजे? जीव होता त्याच्यावर — हे लिहून घेऊ नका. बाहेर जिन्यात त्यानं चिठ्ठी मागितली. दिली मी. म्हणाला, "दोन महिने कळ काढ, परत आणतो तुला."

समितीनं मला रंगमंचावरून काढून सूतगिरणीत धाडलं; नऊ वर्षं काढली तिथं. दर रविवारी पत्र लिहायचे त्याला — कापसाचं नाकात जाणं, मुकादमीण, यंत्रांच्या खडखडाटात मी तीन मोजते ते. उत्तर नाही. चौथ्या वर्षी गिरणीतल्या बायकांनी 'गंजका खिळा'ची तिकिटं काढली, मला ओढत नेलं. तर माझ्या जागेवरची ती नवी नटी, गुंडूला नावाची, आली डोक्याला रुमाल बांधून, हातात कागद — आणि वाचायला लागली. माझं पत्र! शब्दन् शब्द. लोक लोळत होते हसून. माझ्या शेजारची तर रडली हसून. आणि मी — मीपण हसले हो. काय करू, थांबायची जागा अचूक घेतली होती त्यानं.

नाही, जाब नाही विचारला. पुढच्या रविवारी पुन्हा पत्र लिहिलं. जरा... नीट लिहिलं. कुठं थांबायचं तिथं आडव्या रेघा मारून. पाच वर्षं लिहीत होते तशी — तुमच्या त्या पाटीवर आहे ना, 'त्यांची अजरामर निर्मिती, गिरणीतली बाई'? — तेच. मला वाटायचं, त्याला कळतंय. आम्ही दोघं मिळून करतोय. भिंत पडली, सगळ्यांची तोंडं मोकळी झाली, म्हटलं आता नाव घेईल. तर रेडिओवर म्हणाला, "ती मला एका सकाळी सुचली, दाढी करताना."

असो. पत्रं तर असतील ना त्याच्या कागदांत? तीच लावा भिंतीवर, माझं अक्षर दिसू दे लोकांना. चारशेच्या वर आहेत. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर... का? नीट पाहिलंत? सगळी खोकी?

एकही नाही.

दोन-चार तरी... नाही.

बरं. वही मिटा आता. फोटोबिटो काही नाहीत माझ्याकडे. जा तुम्ही — जा म्हटलं ना! आणि फाटक ओढून घ्या.