थंड, ओलसर

ठकूबाई : एक शब्द सोडला तुमी, भाऊ. माह्यं बोट अजून त्याच्यावरच आहे.

आनंदराव : त्यानं काही बदलत नाही, वैनी. भिलाईच्या नव्या भट्टीजवळ देवाजीला चक्कर आली, दवाखान्यात नेलं, तासाभरात गेला. एवढंच आहे दवाखान्याच्या या इंग्रजी कागदात.

ठकूबाई : एवढं तर मले तिरोड्याले माहेरीच समजलं होतं. गाडीतून उतरली तवा चिता विझेल होती. मे महिना, लोक तरी किती थांबतीन? नलूच्या बाबाचं तोंड पाहाले नाही भेटलं मले. पंधरा दिवसांपासून एकच गोष्ट जीव खाऊन राहिली. परक्या मुलखात हे एकटेच गेले काय? तो शब्द सांगा.

आनंदराव : 'क्लॅमी' लिहिलं आहे. खरं सांगू, मलाच नाही येत. दुर्गच्या मालधक्क्यावर वॅगनचे नंबर न् वजनं, तेवढंच माझं इंग्रजी.

ठकूबाई : मंग डिक्शनरी काढा. घरात आहे म्हणता ना?

(आनंदराव फळीवरून जाड पुस्तक काढतात. चष्मा धोतराला पुसतात.)

आनंदराव : हं, सापडला. थंड अन् ओलसर, हाताला चिकट लागणारं. तळघराच्या भिंतीला म्हणतात, आजारी माणसाच्या अंगालाही म्हणतात. इथं देवाजीच्या हातांबद्दल आहे. दवाखान्यात आणलं तेव्हा हात क्लॅमी होते.

ठकूबाई : भट्टीजवळचा माणूस, अन् थंड?

आनंदराव : गरमी फार चढली का होते कधी तसं. बाहेर आग, अन् अंगावर गार घाम.

ठकूबाई : आपल्या रांजणावानी. भर दुपारी बाहेरून ओला न् गार.

आनंदराव : हो, तसंच.

ठकूबाई : घाम तर डोळ्यानं दिसते, भाऊ. गार आहे, चिकट आहे, हे दुरून समजते काय?

आनंदराव : दुरून कसं समजन? हात हातात घ्यावा लागते.

(ठकूबाई कागदावरच्या त्या शब्दावर पुन्हा बोट ठेवतात.)

आनंदराव : वैनी? पाणी देऊ?

ठकूबाई : नको. कागदाच्या मांगं मराठीत लिवून द्या. पोरगी शाळा शिकली का मंग वाचन, माही नलू.

आनंदराव : काय लिहू? थंड, ओलसर?

ठकूबाई : लिवा, बाबाचा हात कोणीतरी हातात घेतला होता.

आनंदराव : असं नाही लिहिलेलं कागदात, वैनी.

ठकूबाई : आहे, भाऊ. आत्ता तुमीच वाचलं.