यंदा जीप कोण चालवणार

मोआब गावातल्या टायरच्या दुकानापुढे थोरा रांगेत उभी होती. चाक पंक्चर, कान मोकळे. पुढे म्हातारा डेलमार आणि त्याची बायको नेड्रा दऱ्यांतल्या सहलीचा बेत आखत होते.

“पाणी दुप्पट घे. आणि तंबू ओढ्याच्या कोरड्या पात्रात ठोकायचा नाही.”

“ते मला नको शिकवूस, डेलमार. यंदा जीप मी चालवणार.”

“तू? मग खडकांत पुढे चालत जाऊन हाताने वाट कोण दाखवणार?”

“तू दाखव.”

“माझे गुडघे दुखतात.”

“परवा लग्नात नाचताना बरे दुखले नाहीत!”

“तुला माझ्याबरोबर यायचं नसेल तर सरळ सांग ना, नेड्रा.”

“गेल्या वर्षी त्या उतारावर मी दोन्ही हात वर करून थांब म्हणत होते. तू थेट अंगावर आलास. ओरडले, तेव्हा थांबलास.”

“ऊन डोळ्यांवर होतं.”

“ऊन तुझ्या पाठीमागे होतं.”

थोराने नजर आपल्या चाकाकडे वळवली.

“तेव्हापासून माहीत आहे तुला?”

“हो. तू सांगशील म्हणून थांबले होते.”

“सगळं धुरकट दिसतं गं. सांगितलं असतं, तर तू जाणंच बंद केलं असतंस.”

“बंद कशाला? वाट दाखवायला माझी बहीण येतेय.”

“आणि मी काय करायचं?”

“मी आजवर करत आले तेच. शेजारी बसायचं, दांडी घट्ट धरायची आणि नसलेला ब्रेक पायाने दाबायचा.”

“बोलायचंही नाही?”

“बोल की. तू तरी माझं कुठे ऐकत होतास?”