शेवटच्या साइजचा पिस्टन

...आणि वर मलाच म्हणतात, ‘अरे, एकदा विचारायचंस तरी!’ विचारायचं? कुणाला? तुम्हाला सांगतो, आमच्या बाबांना काही विचारणं म्हणजे बंद शटरला भाव विचारणं! ती त्यांची जुनी मोटारसायकल, वयाने माझ्याहून मोठी, घरात मानही तिला माझ्याहून मोठा, किक मारली की मागे असा निळा धूर, की शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे ओढत आत पळायच्या! मी म्हणायचो, ‘बाबा, सिलिंडर झिजलाय, पिस्टन आत खुळखुळतोय, आतून कापून बोअर करून घेऊ, एक साइज मोठा पिस्टन टाकू.’ की यांचं ठरलेलं, पेपरातून डोकं न काढता, ‘बघू.’ किती वर्षं बघू? झिजलेला सिलिंडर काय नुसता बघून भरून येतो?

पण चूक माझीच. मी कुठे नाही म्हणतोय?

तर बाबा गेले आत्याकडे राहायला, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला, आता दाखवतोच! कॉलेज सोडलं म्हणजे हात नाही सोडले! कारण कॉलेज सोडल्यापासून घरी सगळे माझ्याकडे असे बघतात, जसा मी जिन्याखालचा बंद पडलेला फ्रिज... टाकवतही नाही, ठेववतही नाही! उघडलं इंजिन, सिलिंडर पोत्यात घातला, गेलो बोअरिंगवाल्याकडे. मशीनपाशी उभं राहून राहून त्याचे कान गेलेत, त्यामुळे तो गुपितसुद्धा गल्लीला सांगतो. आत बोट फिरवलं, माप घेतलं, आणि ओरडला, ‘पहिल्या साइजमध्ये, अगदी थोडं कापून साफ होईल! पण आधी पिस्टन आण! पिस्टन बघून बोअर करतात, बोअर करून पिस्टन शोधत नाहीत!’

पालथी घातली सगळी दुकानं. एकजण तर हसलाच, ‘ह्या गाडीला पहिला साइज? तो आता स्वप्नात! हा एक पडलाय, शेवटचा साइज. घेतोस?’ घेतला! काय करणार होतो?

बोअरिंगवाल्याने पिस्टन हातात फिरवला. ‘अरे, हा शेवटचा! एवढं कापलं की पुढच्या वेळी कापायला सिलिंडरला भिंत नाही उरणार! बाबांना विचारलंस?’

‘विचारलं.’

‘काय म्हणाले?’

‘करून टाक म्हणाले.’

आता बघा, थापसुद्धा कशी मारली, जे वाक्य त्या माणसाने जन्मात उच्चारलेलं नाही तेच त्याच्या तोंडी घातलं!

चूक माझीच. मी कुठे नाही म्हणतोय?

बाबा परत आले. मी म्हटलं, ‘मारा किक.’ मारली. काय आवाज! धूर? नावाला नाही! काकू सवयीने धावत आल्या, कपड्यांना हात घातला आणि तशाच उभ्या! बाबा चक्क हसले हो... माझ्याकडे बघून! मग टाकीवर हात ठेवून सहज विचारलं, ‘पहिलाच साइज ना?’

‘शेवटचा.’

इंजिन बंद केलं. आत गेले, स्टुलावर चढले, माळ्यावरून एक डबा काढला. डब्यात तेलकट कागद, कागदात पिस्टन. नवाकोरा. पहिल्या साइजचा!

मी उखडलोच, ‘हा होता? आणि तुम्ही नुसतं बघू, बघू? कधी आणलात हा?’

उत्तर आईचं, स्वयंपाकघरातून, ‘तुला कॉलेजात ॲडमिशन मिळाली ना, त्या दिवशी! गोड आणायला पाठवलं होतं, तर हे लोखंड घेऊन आले!’

‘म्हटलं, सुट्टीत दोघं मिळून बसवू,’ बाबा म्हणाले, ‘मग तू कॉलेजच सोडलंस... म्हटलं, ह्या मूडमध्ये नको. बघू.’

आता सांगा, ह्याला काय म्हणायचं? बाप आहे की कुलूप? एक शब्द, एकच शब्द बोलला असता तर... आणि मी तरी? दोन दिवस थांबलो असतो तर काय इंजिनाला पाय फुटणार होते? कापलेला सिलिंडर परत लहान होत नाही हो. त्याच्यात हा पिस्टन आता घागरीत लिंबू टाकल्यासारखा!

चूक माझीच. मी कुठे नाही म्हणतोय?

बाबांना मात्र काही वाया गेलेलं चालत नाही. त्यांनी पिस्टन पुसला, उलटा केला, माझ्या टेबलावर ठेवला, आणि त्यात माझी कॉलेजातली सगळी पेनं उभी केली.

पेनं! माझ्या टेबलावर!

मी विचारलं, ‘ही कशाला?’

म्हणाले, ‘बघू.’