जिवंत माणसाच्या तसबिरीला हार

श्रोतेहो, क्षणभर चित्त इकडे द्या. शूराचा सन्मान करावा, हे शास्त्रेही सांगतात आणि सरपंचही सांगतात. पण तो सन्मान कोणासाठी? शूरासाठी, की आपल्या समाधानासाठी?

ऐका. आंबरवाडीचे हवालदार रंगनाथ भिलारे. युद्धात गोळ्यांच्या वर्षावात नदी ओलांडून त्यांनी जखमी सोबत्याला पाठीवर आणले. एक पाय गमावला, वीरपदक मिळवले. घर मात्र ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात तुटल्या पायाची जखम चिघळायची, आणि दवाखाना अलीकडे! त्यांचे गावाकडे एकच मागणे होते : ओढ्यावर साकव घाला, लाकडी का होईना.

गाव कृतज्ञ हो, मंडळी! गावाने ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच त्यांच्या नावाची कमान बांधली. साकवाचा विषय निघाला, तेव्हा सरपंच हिंदुराव कौतुकाने म्हणाले, "हवालदार, तुम्ही गोळ्यांत नदी पार केली. हा ओढा तुम्हाला काय जड?"

तेव्हा दोन पाय होते, हे सांगणे हवालदारांना उद्धटपणाचे वाटले असावे.

स्वातंत्र्यदिनी कमानीचे उद्घाटन. ओढा दुथडी भरलेला. सत्कारमूर्ती तापाने फणफणत पलीकडे अडकलेले. पण हार आणलेला, तो वाया कसा घालवायचा? सुज्ञांनी खुर्चीवर हवालदारांची तसबीर ठेवली, हार घातला. कोणा भाविकाने उदबत्तीही लावली! पाहुणे परगावचे. ते दृश्य पाहून त्यांनी टोपी काढली आणि सर्वांना दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्यास सांगितले.

आणि गाव उभे राहिले! पाहुण्यांचा शब्द कसा मोडायचा?

पलीकडच्या काठावर हवालदार काठीवर ताठ उभे होते. पत्नी तानूबाई संतापल्या, तसे ते म्हणाले, "थांब गं. माझ्यासाठी सारा गाव उभा राहिलेला पहिल्यांदाच बघतोय."

तानूबाई थांबल्या नाहीत. त्या शांततेत त्यांचा शब्द न् शब्द अलीकडे ऐकू आला. "ज्यांच्यासाठी उभं राहिलाय, त्ये हितं तापानं फणफणल्यात. डागदराला पाण्यातनं कोण आणतंय?"

कोणी हलले नाही. दोन मिनिटे पूर्ण व्हायची होती ना!

पुढे पाणी ओसरले. गाव पलीकडे पोहोचले, तोवर तसबिरीवरचा हार खरा ठरला होता.

डोळे पुसताय? पुसा. मग आपल्या गावात कोण वाट पाहत पडले आहे, ते आठवा. त्याचे नाव ओठावर आले की मगच हरिनाम घ्या. हरी थांबेल, श्रोतेहो. तो माणूस थांबणार नाही.