थोरल्याचं कपाट

हसू नका, माझं जमत आलेलं लग्न या रोबोंमुळंच मोडलं. लहानपणी टीव्हीवर जपानी कार्टून बघायचो. त्यातले रोबो, म्हणजे त्यांची खेळणी, आता मी मानकोलीच्या गोदामातल्या पगारातून थेट जपानहून मागवतो. एकेक रोबो महिन्याचा पगार गिळतो. हॉलमध्ये काचेचं कपाट भरलंय.

वडप्याहून मुलीकडचे मला बघायला आले. मुलीचे वडील कपाटापुढं थांबले. “घरात लहान मूल आहे वाटतं?”

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, “माझ्या थोरल्याचं हाय ते. तो न्हाय आता.”

मुलीच्या आईनं डोळ्यांना पदर लावला. वडिलांनी कपाटाला हात जोडले. मग मीही मान खाली घातली. करणार काय? मी एकुलता एक!

आठवड्यानं निरोप आला. “तरणा मुलगा गेलेल्या घरात पोरगी द्यायला मन होत नाही.”

मी आईवर भडकलो. “रोबो माझे आहेत, एवढं सांगायला काय झालं होतं?”

आई माझ्याकडं न बघता म्हणाली, “तसं सांगितलं असतं, तर निरोपाचीबी वाट बघाया लागली नसती.”