पुस्तकातली आई का मारली?

…आणि वर मलाच विचारतात, आई का मारली! अहो, पुस्तकातली आई आहे ती, कागदाची! पण नाही. सकाळी भाजी आणायला दार उघडलं की समोरच्या ओट्यावरून लक्ष्मीदेवीमामी, "कां रे त्रिविक्रमा, आई कां मारलीस?" तुम्हाला सांगतो, गल्लीत चार माणसं वळून बघतात. वाटायचं त्यांना, खरंच काही करून आलोय!

आता हे पुस्तक काय ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही तसंच बघाल. मुलांसाठी कादंबऱ्या लिहितो मी. मराठीतून. कुंभकोणमला बसून मराठीतून, हो, तीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इकडं येऊन, घरात अजून मराठीच, ते असो. तर पुढं शंभर-दीडशे वर्षांनी एक शहर आहे, तिथल्या हुकूमशहानं नदीला कुलूप लावलंय, पाणी हातावरचा शिक्का बघून मिळतं, गाणी बंद, गोष्टी बंद, आणि भवानी नावाची एक पोर आईच्या मदतीनं ते कुलूप फोडायला निघते. पहिला भाग नव्वद साली पुण्यात छापला. बरा गेला. आमचे निवृत्त हेडमास्तर वादिराजराव तेवढे म्हणाले, "भविष्य कसलं हो हे? आपल्या गल्लीतला मे महिना आहे!" म्हटलं, चालेल. यंदा दुसरा भाग आला, त्यात शेवटच्या पानावर भवानीची आई मरते… आणि झालं!

पुण्याच्या एका वाचकानं लिहिलं, गोष्ट पुढच्या काळातली आणि माणसं बोलतात पेशव्यांच्याही आधीची मराठी, असं कसं? आणि खाली ताजा कलम. आई का मारली?

बरं, इथं देवनागरी वाचणारे किती? बोलायचं मराठी, पण शाळा तमिळ, वाचायचं तमिळ. म्हणून पुस्तक आलं की आमच्या भजनमठात सेतुरामबुवा ते मोठ्यानं वाचतात आणि बाकीचे ऐकतात. बुवा मूळचे कीर्तनकार. त्यांच्या हातात रेल्वेचं वेळापत्रक द्या, त्याचंही कीर्तन होतं! पेटी, मृदंग, झांजा, माझ्या हुकूमशहाला थेट रावणाचा आवाज… मी मागं खांबाला टेकून बसलेलो. आई मरते ते पान आलं. बायकांचे पदर डोळ्यांना लागले, मी मनात म्हणतोय, वा, जमलं… आणि बुवांनी पुस्तक मिटलं, पण तोंड काही मिटलं नाही! आमच्याकडे कथा मरणावर थांबवत नाहीत हो. श्रोत्यांना तसं घरी पाठवायचं नसतं, शेवट मंगलच झाला पाहिजे. मग बुवांनी काय करावं? नदी आपणहून उसळली, कुलूप तुटलं, आई उठून बसली आणि तिला पट्टाभिषेक! हुकूमशहा मागं छत्र धरून उभा! आरती झाली, प्रसादाची हरभऱ्याची उसळ, आमचं सुंडल, वाटलं. मठाबाहेर बुवांना गाठलं, म्हटलं, "अहो बुवा, ती मेली होती!" तर शांतपणे मान पुसत म्हणतात, "होय की. पण तिला तशीच टाकून सुंडल कसं वाटायचं, तुम्हीच सांगा!"

मीही सुंडल खाल्लं आणि घरी आलो.

तर आता ज्यांनी ऐकलं ते माझी पाठ थोपटतात, आणि ज्यांनी वाचलं ते… आई का मारली! तुम्हीही तेच विचारणार, चेहऱ्यावर दिसतंय. अहो, वत्सला, माझी बायको, जाऊन दोन वर्षं झाली. दुसरं काय सुचणार होतं मला?… असो.

मला धास्ती एकाच वाचकाची. माझी मुलगी तुळसी, सोळाची. पहिला भाग हिनं कच्चा वाचला आणि तोंडावर सांगितलं, "अप्पा, हुकूमशहा फार मवाळ झालाय, आमच्या गणिताच्या बाई बघून लिहा." दुसरा भाग हिनं घेतला, वाचला, कपाटात ठेवला… आणि गप्प! ताट वाढते, गप्प. वेणी घालते, गप्प. मी तरी कसं विचारू? तिकडून प्रकाशकाची तार, आई जिवंत करा, मागणी आहे. म्हटलं, पोरीला हवी असेल तर करून टाकू, बुवांनी केलीच आहे! शेवटी परवा धीर केला. "तुळसी… आईला परत आणू का, तिसऱ्या भागात?"

असं बघितलं माझ्याकडे! म्हणते, "गेलेलं माणूस येतं का, अप्पा? ते बरोबर लिहिलंय तुम्ही. पण त्या भवानीचा बाप कुठं आहे?"

म्हटलं, आहे की. घरातच आहे.

"घरातच आहे! दोन भागांत एक वाक्य बोलला नाही. बायको मेली त्या दिवशी करतो काय, तर खिडकी लावतो! त्या पोरीनं बोलायचं कुणाशी? कुलपाशी?"

"अगं, संयमी माणूस आहे तो."

"संयमी नाही अप्पा, कंटाळवाणा आहे!"

आता बोला! सगळं गाव आईसाठी रडतंय आणि हिला बाप हवाय! म्हणजे तिसऱ्या भागात त्याला बोलता करणं आलं. आणि बाप मोकळं बोलतो कसा, हे मला कुठून ठाऊक असणार? म्हणून सराव करतोय. तुमच्यासमोर बघा, कसा घडाघडा, श्वास न घेता! पण घरी जातो, तुळसी दार उघडते, मी चांगला घसा खाकरतो, तोंड उघडतो, आणि…

"कॉफी झाली का ग?"